काटा अर्ध्यावर होता
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर, ज्वारीच्या खरेदीवर, विजेच्या बिलावर बोलणारी जाणकार माणसं या बैठकीत आहेत. ते विषय त्यांचे. आम्हाला अर्धा तास दिला आहे तो एका बारक्या गोष्टीसाठी, गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासाठी. पत्रिकेवर विषय वाचून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. विषय हसण्यासारखाच आहे. पण या काट्यापायी आमच्या घरातलं माणूस जायची वेळ आली होती, म्हणून आम्ही इथं उभे आहोत.

आम्ही तिघं भाऊ. दोघं सख्खे, एक मावसभाऊ. गाव नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातलं. जमीन कोरडवाहू. खरिपाला कपाशी, रब्बीला ज्वारी, आणि पाऊस रुसला तर दोन्ही नाही. वाटणीला आलेल्या जमिनीत तिघांचे संसार भागणार नाहीत हे दिसलं, तसे आम्ही कल्याणला गेलो. तिथं एका गॅरेजात हाताखाली राहून गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकलो. आज कल्याण-शीळ रस्त्याला, डोंबिवलीच्या अंगाला आमचं छोटं दुकान आहे. कल्याणहून निघणारा हमरस्ता मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा, नगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड असा थेट तेलंगणातल्या निर्मलपर्यंत जातो. आमची रोजीरोटी, आमचं गाव आणि तुमची कपाशीची रानं अशी एकाच रस्त्याने बांधलेली आहेत.

त्याच रस्त्याने आणखी एक गोष्ट इकडे येते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वापरून जुनी झालेली गाडी. शहरातला माणूस नवी घेतो आणि जुनी दलालाला देतो. ती फिरत फिरत खेड्यात येते. कुणाच्या दारात जुनी जीप आहे, कुणाच्या दारात जुनी मारुती. घेताना आपण इंजिन ऐकतो, टायर बघतो, पत्रा ठोकून बघतो. काट्याकडे कोण बघतं?

कारखाना गेला, गाडी राहिली

आमची गाडी १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी. म्हातारी माणसं तिला अजून फियाटच म्हणतात. तिची कुळी थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक मुद्दा आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनत. १९७४ पासून गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. ते दिवस परवान्याचे होते. किती गाड्या काढायच्या ते सरकार सांगणार आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसणार. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९१ नंतर बाजार आणखी उघडला. २००० च्या सुमाराला पद्मिनी निघायची बंद झाली. प्रीमियरचा आणखी एक कारखाना आमच्या शीळ रस्त्यावरच होता. १९९० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर ३०९ नावाची गाडी तिथं निघाली. तोही कारखाना बंद पडला. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली.

मुद्दा असा. कारखाना बंद झाला की गाडी लगेच मरत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणी नवी करून, पुढे दर पाच वर्षांनी तपासून घेऊन ती चालत राहते. मरतो तो सुटा भाग. अस्सल भाग मिळेनासा होतो, नकली मिळतो, आणि तोही बसेल याची खात्री नाही. अशा गाडीला 'भाग बदला' हा इलाज चालत नाही. अशा गाडीत दोष नेमका कुठं आहे ते शोधावंच लागतं.

करंजीच्या घाटातला अर्धा तास

ज्वारी काढणीचे दिवस होते. आम्ही तिघंही पद्मिनी घेऊन गावी आलो होतो. रात्री दीडच्या सुमाराला आमच्या थोरल्या आत्याच्या छातीत दुखायला लागलं. दम लागला, अंगाला घाम सुटला. घरची गाडी दारात उभी होती, मग वाट कुणाची बघायची? धाकट्याने चावी घेतली, आत्याला मागे निजवलं, आणि गाडी नगरच्या रस्त्याला लागली. सरकारदरबारी आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात अजून नगरच येतं.

पाथर्डी मागे पडली. तिसगाव मागे पडलं. वाटेत पेट्रोल पंप लागले. धाकटा थांबला नाही. का थांबेल? काटा अर्ध्यावर होता. करंजीच्या घाटात गाडीने दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. टाकीत थेंब नव्हता. काटा तेव्हाही अर्ध्यावरच होता.

घाटात त्या वेळेला चिटपाखरू नाही. आत्या कण्हत होती. आम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात हलवत होतो. अर्ध्या तासाने दुधाचा टेम्पो आला. त्या भल्या माणसाने कॅन एका बाजूला सारले, आत्याला जागा केली आणि नगरला दवाखान्यात पोचवलं. आत्या वाचली. आज अंगणात बसून ज्वारी निवडते. पण डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तो अर्धा तास आम्ही अजून विसरलेलो नाही.

दोष कुणाचा? काट्याचा म्हणाल तर तो निर्जीव. दोष आमचा होता. आमच्यातल्या मधल्याला गेले दोन महिने माहीत होतं की काटा अर्ध्याच्या खाली उतरत नाही. टाकी भरली की काटा भरलेली दाखवायचा, बरोबर खाली यायचा आणि अर्ध्यावर येऊन बसायचा. गाडी बहुतेक मधलाच चालवायचा. किलोमीटर बघून, मनातल्या मनात हिशेब करून तो पेट्रोल भरायचा. 'त्याला तशी सवयच आहे' असं आम्ही काट्याबद्दल बोलायचो, घरातल्या खोडकर पोराबद्दल बोलावं तसं. लोकांच्या गाड्यांचं वायरिंग नीट करून पोट भरणारे आम्ही, आणि घरच्या गाडीला वेळ नाही. धाकट्याला हे माहीत नव्हतं. एकाला माहीत असलेला आणि दुसऱ्याला न सांगितलेला दोष दुसऱ्याचा घात करतो. आज आम्हाला सांगायचं आहे त्यातलं हे पहिलं.

काट्याला पेट्रोल दिसत नाही

आता काटा चालतो कसा ते बघू. एकदा हे कळलं की अर्धी दुरुस्ती झाली.

टाकीत एक पोकळ फुगा तरंगतो. त्याला फ्लोट म्हणतात. फ्लोटला दांडी, दांडीच्या टोकाला एक पत्ती. फ्लोट वरखाली झाला की ही पत्ती एका बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकते. वेटोळं जास्त लागलं की विजेला अडथळा जास्त, कमी लागलं की अडथळा कमी. वीज बॅटरीतून निघते, चावीच्या स्विचातून, फ्यूजमधून काट्यात येते. काट्यातून एक लांब तार गालिच्याखालून मागे टाकीपर्यंत जाते. तिथून फ्लोटच्या वेटोळ्यातून गाडीच्या पत्र्यात, म्हणजे अर्थमध्ये, आणि पत्र्यातून परत बॅटरीत. एवढाच सारा संसार.

म्हणजे काट्याला पेट्रोल दिसत नाही. त्याला दिसते फक्त त्याच्यातून गेलेली वीज. वाटेत कुठंही वीज गळाली किंवा अडली, की काटा आपल्याला तेच सांगणार आणि आपण समजणार की पेट्रोल इतकं आहे.

तुम्ही विहिरीवरून पाइप टाकून रानात पाणी नेता. टोकाला पाणी कमी आलं तर लगेच मोटर बदलता का? नाही. आधी पाइपच्या कडेकडेने चालत जाता. कुठं सांधा गळतो, कुठं उंदराने कुरतडलं, ते बघता. विजेच्या तारेलाही तेच करायचं. पण गाडी दिसली की आपण हे विसरतो आणि म्हणतो, काटा गेला, नवा टाका.

आम्हीही तेच केलं. गावाहून परत आल्यावर पहिल्या दिवशी आम्ही फ्लोट बदलला. अस्सल मिळेना म्हणून दुसऱ्या जातीच्या गाडीचा आणला. काटा आणखीनच वेडा झाला. असं का झालं ते ऐकून ठेवा, कारण तुम्हालाही कुणीतरी असाच फ्लोट विकेल. सगळ्या फ्लोटांचं माप एक नसतं. विजेचा अडथळा ओहममध्ये मोजतात. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. युरोपातल्या एका पद्धतीत नेमकं उलट, रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. एका जातीचा काटा आणि दुसऱ्या जातीचा फ्लोट जोडला तर भरलेली टाकी रिकामी दिसेल आणि रिकामी भरलेली. काटा आणि फ्लोट एकाच घरचे हवेत. दोन दिवस आणि फ्लोटचे पैसे घालवून आम्ही हे पुन्हा शिकलो.

आधी जीव, मग काटा

तपासायचं कसं ते सांगण्याआधी एक गोष्ट. ती विसरणार असाल तर बाकीचं ऐकूच नका.

गाडीची वीज बारा व्होल्टची. हात लावला तर झटका बसत नाही. म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण पेट्रोलच्या वाफेला झटका लागत नाही, एक ठिणगी पुरते. शून्याच्या खाली चाळीस अंश थंडी असली तरी पेट्रोलची पेट घेणारी वाफ निघते. आपल्याकडे मे महिन्यात काय होत असेल ते समजा. ही वाफ हवेपेक्षा जड असते. वर उडून जात नाही. डिकीत, खड्ड्यात, जमिनीलगत बसून राहते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात वाफच भरलेली असते.

म्हणून काम उघड्यावर करा, छपराखाली नको. बिडी, काडी, चूल दूर. टाकीजवळ तार पत्र्याला घासून ठिणगी बघायची, ही खोड कायमची सोडा. चावी बंद असताना तार जोडा किंवा सोडा, आणि मग पुढे जाऊन चावी फिरवा. फ्लोट टाकीतून बाहेर काढायचाच असेल तर आधी बॅटरीची अर्थची तार सोडा. टाकीजवळ डाग द्यायचा नाही, तार थिंबलमध्ये दाबून बसवायची. आणि टाकीला भोक पडलं असेल तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच घेऊन जाऊ नका. धुतलेल्या, वाळवलेल्या टाकीनेसुद्धा माणसं भाजली आहेत.

रिकामा काटा शून्यावर येतो का?

आता तपासणी. कापूस विकायला नेता तेव्हा वजनकाट्यावर पहिलं काय बघता? रिकामा काटा शून्यावर आहे का. तो शून्यावर नसेल तर पुढचं वजन खोटं. गाडीतही तेच करायचं.

पहिलं, फ्यूज बघा. जुन्या फियाटमध्ये चिनी मातीच्या कांडीवर पट्टी असलेले फ्यूज असतात. पट्टी शाबूत दिसते पण टोकाला गंज चढलेला असतो. फ्यूज जागेवर गोल फिरवला तरी पुष्कळदा काटा जागा होतो. एका फ्यूजवर बहुधा दोन-चार कामं असतात. काट्याबरोबर आणखी काही बंद असेल तर आधी फ्यूजच बघा. आणि पंपाच्या पेटीत घालता तशी जाड तार फ्यूजच्या जागी घालू नका. तिथं मोटर जळते, इथं गाडी जळेल.

दुसरं, पेट्रोलचा काटा आणि इंजिनाच्या गरमीचा काटा दोन्ही एकदम चुकीचे दाखवत असतील तर टाकीकडे जायचं कारण नाही. दोष पुढे डॅशबोर्डात, दोन्ही काट्यांच्या सामाईक तारेत किंवा अर्थमध्ये आहे. काही गाड्यांत काट्यांना सारखी वीज देणारी एक डबी असते, ती बिघडली तरी असंच होतं.

तिसरं, चावी बंद करून टाकीवरची काट्याची तार सोडा. तिचं टोक कशाला टेकणार नाही असं बांधा. पुढे जाऊन चावी फिरवा. काटा पूर्ण एका टोकाला गेला पाहिजे. कुठल्या टोकाला, ते गाडीच्या जातीवर. आमच्या गाडीत तो रिकाम्यावर जायला हवा. चावी बंद करा, आता तेच टोक पत्र्याला चिमट्याने जोडा, मध्ये बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब ठेवा म्हणजे काट्यावर जोर येणार नाही. पुन्हा चावी फिरवा. काटा दुसऱ्या टोकाकडे धावला पाहिजे.

काटा दोन्हीकडे नीट गेला तर काटाही चांगला आणि तारही चांगली. दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. काटा जागचा हलला नाही तर फ्लोट निर्दोष असू शकतो, दोष पुढे आहे.

आम्ही तार सोडली. टाकीशी काट्याचा काही संबंध राहिला नाही. चावी फिरवली. काटा गेला आणि अर्ध्याच्या जरा खाली उभा राहिला. रिकामा वजनकाटा पन्नास किलो दाखवतो तसा हा प्रकार. मग आम्ही काट्याच्या पाठीमागची तार सोडली. काटा मुकाट्याने रिकाम्यावर आला. म्हणजे काटा खरा. फ्लोट तर जोडलेलाच नव्हता. मग चोर कुठं? मधल्या तारेत. आणि आम्ही दोन दिवस टाकीत हात घालून बसलो होतो!

तारेच्या कडेने

लांब तारेत दोष शोधायचा तर टोकापासून सगळी उसवत बसू नका. मधला जोड सोडा आणि दोष पुढच्या अर्ध्यात आहे की मागच्या ते बघा. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. तीन-चार वेळा असं केलं की हातभर तार उरते.

आमचा दोष निघाला डिकीच्या तोंडाशी. तिथं तार पत्र्याच्या भोकातून जाते. भोकाच्या काठाला रबरी रिंग असते, ती कधीतरी गळून पडली होती. गाडी हलेल तसा पत्र्याचा काठ तारेवर घासत राहिला आणि वरचं प्लास्टिक कापलं गेलं. त्यात आमच्याकडची हवा. ठाण्याच्या खाडीचा दमटपणा आणि चार महिने धो धो पाऊस. डिकीच्या रबरातून पाणी आत उतरतं, गालिच्याखाली साचतं. तांब्याची तार हिरवी पडली होती, पत्र्याला गंजाचा थर होता. तार पत्र्याला पुरती टेकली असती तर काटा कायम भरलेली टाकी दाखवत राहिला असता आणि आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. ती टेकली नव्हती. ओल आणि गंजाच्या थरातून थोडी थोडी वीज गळत होती. टाकी भरलेली असताना ही गळती जाणवायची नाही. टाकी रिकामी होत आली की गळतीच काट्याला अर्ध्यावर धरून ठेवायची. सगळा वेळ खोटं बोलणारा काटा परवडला. हा काटा नेमका गरजेच्या वेळी खोटं बोलायचा.

दुरुस्ती काय केली? हिरवी-काळी पडलेली तार लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे कापली. तेवढ्याच जाडीची, त्याच रंगाची नवी तार घातली. जोड थिंबलने दाबले, वर नळी चढवली. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळली नाही, कारण उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि पावसाळ्यात आत पाणी जातं. भोकाला नवी रबरी रिंग बसवली आणि तार काठापासून दूर बांधली. मग मूळचा फ्लोट परत लावला. त्याच्या स्क्रूपासून पत्र्यापर्यंत अर्थची वेगळी तार ओढली. पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, थिंबल आवळलं, वरून ग्रीस लावलं. आधी ग्रीस आणि मग थिंबल असं नाही. आधी धातूला धातू, मग ग्रीस.

या सगळ्याला सामान शंभर रुपयांचंही लागलं नाही. वेळ लागला तो एक दुपार.

अर्थची तार वेगळी का? फ्लोटखाली रबर असतं, टाकीखाली पट्ट्या असतात, वर रंग असतो, मधे गंज. त्या वाटेने विजेला परत जायला अडथळा होतो आणि तो फ्लोटच्या अडथळ्यात मिळतो. अमेरिकी पद्धतीच्या काट्यात यामुळे पेट्रोल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. उलट्या पद्धतीच्या काट्यात जास्त दिसतं, आणि ते घातक. म्हणून दोष कुठलाही वाटो, आधी अर्थ घासा. आमच्या दुकानात येणारे काट्याचे बरेच आजार तिथंच बरे होतात.

शेवटी एक काम राहतं. काटा हलतो म्हणजे खरं सांगतो असं नाही. टाकी जवळपास रिकामी करून गाडी पंपावर न्या. पाच-पाच लिटर भरून घ्या आणि दर वेळी काटा कुठं येतो ते कागदावर मांडा. तो कागद गाडीत ठेवा.

ट्रॅक्टर, जीप आणि वही

ट्रॅक्टरवाले म्हणतील, आम्ही झाकण उघडून काडी घालून बघतो, आम्हाला काटा कशाला? काडी खरी आहे, तिला तार नाही. काडी स्वच्छ असू द्या, टाकीत कचरा गेला तर फिल्टर तुंबेल. पण मोटारीची नळी वाकडी असते, काडी टाकीपर्यंत पोचत नाही. आणि डिझेलच्या गाडीत टाकी कोरडी पडली तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही, पाइपात हवा शिरते. भर पेरणीच्या दिवसात, वाफसा जात असताना, बांधावर बसून हवा काढत बसणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांना आणखी एक गोष्ट. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. ऊस आणि मका पिकवणाऱ्याला त्यातून बाजार मिळतो, ते चांगलंच आहे. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून फ्लोटखालचं रबर, पेट्रोलच्या नळ्या आणि टाकीच्या तळाचा गंज वर्षातून एकदा बघत जा. डिकीत पेट्रोलचा वास आला तर गाडी तशीच चालवू नका.

आणि गाडीत एक वही ठेवा. पेट्रोल किती भरलं, मीटर किती, तारीख काय. आपण उत्पादन खर्चाचा हिशेब ठेवायला शिकलो, तसाच हा हिशेब. वही आणि काटा जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर वहीवर विश्वास ठेवा आणि तार तपासा. तपासायला आज वेळ नसेल तर निदान एक चिठ्ठी लिहून डॅशबोर्डवर चिकटवा: 'काटा खोटा आहे'. घरातलं पोरगं रात्री-बेरात्री चावी घेऊन निघेल, त्याला ते वाचता येईल.

आमच्या गाडीत तशी चिठ्ठी असती तर धाकटा तिसगावला थांबला असता. दोन मिनिटं गेली असती, घाटातला तो अर्धा तास गेला नसता.

आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, 'माहीत आहे हो, चालतंय तसं चालू द्या.' पंपाच्या पेटीतला सैल जोड आपल्याला माहीत असतो. खळ्यातल्या मळणी यंत्राच्या पट्ट्यावरचं झाकण काढून ठेवलेलं माहीत असतं. फवारणीच्या पंपाची गळती माहीत असते. ज्याला माहीत आहे तो सांभाळून वागतो. ज्याला माहीत नाही त्याचा हात जातो. दोष माहीत असणं ही दुरुस्ती नव्हे. एवढंच सांगायला आम्ही आलो होतो.

बैठक संपल्यावर आमची पद्मिनी बाहेर लिंबाखाली उभी आहे. ज्याला तार, रिंग, अर्थ डोळ्यांनी बघायची आहे त्याने यावं. आपली गाडी आणली असेल तर तीही घेऊन या, उन्ह उतरेपर्यंत आम्ही आहोत. बिड्या मात्र मंडपातच ठेवून या.